बारावरून सात

तामलवाडीचा टोलनाका मागे पडला आणि माझ्या विजेच्या गाडीच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा १२ टक्क्यांवरून एकदम ७ झाला. मधले अकरा, दहा, नऊ, आठ यांपैकी एकही आकडा मला दिसला नाही. गाडी ताशी ५० च्या वेगाने डाव्या मार्गिकेतून चालली होती, रस्ता सपाट होता, एसी तुळजापूर सोडताना जसा होता तसाच होता आणि शेजारी माझी बहात्तर वर्षांची आत्या डोळे मिटून बसली होती. जुळे सोलापुरातले घर अजून अठ्ठावीस किलोमीटर दूर होते. त्या दिवशी नेमके काय झाले, ते का झाले आणि त्यानंतर मी काय बदलले हे सविस्तर लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते, कारण आमच्या भागात आता हिरव्या पाटीच्या गाड्या रोज दिसू लागल्या आहेत आणि बॅटरी संपत आल्यावर काय करायचे हे मात्र ज्याने त्याने आपापल्या गाडीत बसूनच शिकायचे असते.

आधी माझी ओळख थोडक्यात करून देते. मी सोलापुरात सुताच्या एका पेढीवर हिशेब लिहिते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांना आमच्याकडून सूत जाते, त्यामुळे आवक, जावक आणि शिल्लक या तीन शब्दांत माझा दिवस जातो. गाडी तीन वर्षांपासून आहे. तिच्या बॅटरीची वापरता येणारी क्षमता जवळपास ३० किलोवॉट-तास, म्हणजे विजेच्या बिलावरच्या भाषेत ३० युनिट. पडद्यावरचा एक टक्का म्हणजे ०.३ युनिट, हे प्रमाण मला पाठ आहे आणि प्रत्येक चालकाला आपल्या गाडीपुरते ते पाठ असावे असे मला मनापासून वाटते. पेट्रोलच्या गाडीत टाकी किती लिटरची आहे हे आपण जाणतो, मग इथे नुसत्या टक्क्यांवर का थांबायचे?

मे महिना होता. आत्याला डोळ्यांच्या तपासणीसाठी लातूरहून सोलापूरला आणायचे होते. तुळजापूर-औसा मार्गाने हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. सकाळी घरून पूर्ण भरून निघाले नव्हते, कारण रात्री ८० टक्क्यांवर थांबवायची माझी तेव्हाची सवय होती. पहाटे उठून वर भरण्याची सुरुवात केली आणि निघताना आकडा ९८ झाला होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५७ मीटरवर आहे, तुळजापूर आणि लातूर बालाघाटच्या पठारावर, म्हणजे त्याहून बरेच उंच. जाताना चढ, समोरून गरम वारा आणि एसी यांमुळे लातूरला पोहोचेपर्यंत ४० टक्के उरले. तिथे आत्याच्या घरी पाच तास सॉकेटला लावायची आणि संध्याकाळी निवांत निघायचे असा बेत होता, परंतु दीड तासातच वीज गेली आणि आम्ही निघेपर्यंत आली नाही. गाडीत ५४ टक्के होते. तुळजापुरात फास्ट चार्जर आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मनात शंका न आणता मी निघाले.

तुळजापूरच्या त्या चार्जरचा पडदा काळा होता. शेजारच्या माणसाने सांगितले की तो सकाळपासून तसाच आहे. तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, गाडीत १७ टक्के होते, पडदा ३६ किलोमीटरची रेंज दाखवत होता आणि घर पन्नास किलोमीटरवर होते.

या जागी बहुतेक माणसे रेंजच्या आकड्याकडे पाहून घाबरतात किंवा त्याच्यावर विश्वास ठेवून निघतात. माझ्या मते दोन्ही चूक आहे. रेंजचा आकडा पुढच्या रस्त्याविषयी काहीही सांगत नसतो. मागच्या काही किलोमीटरमध्ये गाडीने किती वीज खाल्ली तो दर घेऊन उरलेल्या विजेला भागले की तो आकडा मिळतो. लातूरपासून मी ताशी ७५ ते ८० ने आले होते आणि दर किलोमीटरला सरासरी १३९ वॉट-तास लागले होते. १७ टक्के म्हणजे ५.१ युनिट. ५,१०० ला १३९ ने भागा, ३६ च येतात. म्हणजे मी जशी आले तशीच पुढे गेले तर छत्तीस. पण पुढचा रस्ता उताराचा होता आणि वेग माझ्या हातात होता.

वेगाचे गणित मी फार पूर्वी नीट समजून घेतले होते, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चा वर्ग ६,४०० आणि ५० चा २,५००, म्हणजे तेवढेच अंतर ८० ने कापताना हवा बाजूला सारण्यासाठी जी ऊर्जा लागते ती ५० च्या अडीच पटींहून अधिक असते. टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाला लागणारी ऊर्जा मात्र वेग कमी केल्याने फारशी घटत नाही, म्हणून एकूण खर्च अडीच पटींनी उतरत नाही. तरी माझ्या वहीतल्या जुन्या नोंदींप्रमाणे ताशी ५० ला एसीसह दर किलोमीटरला ९५ वॉट-तासांच्या आसपास लागतात. पन्नास किलोमीटरला पावणेपाच युनिट, त्यातून उताराचे अर्धा-पाऊण युनिट वजा, म्हणजे चार-सव्वाचार युनिट, म्हणजे चौदा टक्के. घरी पोहोचताना तीन टक्के उरतील. शिवाय तुळजापूर नाक्याकडून सोलापुरात शिरले की चार्जर आहेत, म्हणजे अगदी वेळ आली तर शेवटचे काही किलोमीटर वाचतील.

एसी बंद करण्याचा विचार मी केला नाही. बाहेर ४२ अंश तापमान होते आणि सोबत वयस्कर माणूस होते. याबाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती अशी की एसीचा खर्च तासावर असतो, किलोमीटरवर नसतो. तो एक किलोवॉट खात असेल तर ताशी ८० ला किलोमीटरमागे साडेबारा वॉट-तास पडतात आणि ताशी ५० ला वीस. गाडी जितकी हळू चालवाल तितका एसीचा वाटा वाढतो, आणि म्हणूनच घाबरून ताशी २५-३० वर येण्यात बचत जवळजवळ नसते. महामार्गावर मागून भरधाव मालट्रक येत असताना त्या वेगाने चालणे धोक्याचे आहे हे तर त्याहून महत्त्वाचे. मी ५० ठरवले, डावी मार्गिका धरली आणि एसी २६ अंशांवर ठेवून पंखा कमी केला.

तुळजापूर सोडले की लगेच घाट लागतो. हा उतार मी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहत आले आहे, देवीचे दर्शन घेऊन परतताना आजी तिथे हात जोडायची; पण त्या उताराची किंमत युनिटमध्ये मोजण्याची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. आमच्या दोघींसह गाडीचे वजन सुमारे १,६०० किलो धरले आणि तुळजापूर ते सोलापूर ही उंचीतली तफावत दोनशे मीटरच्या जवळपास धरली, तर खाली येताना मोकळी होणारी ऊर्जा ०.८७ युनिट भरते. माझ्या गाडीच्या बॅटरीचे ते जवळजवळ तीन टक्के झाले. पेट्रोलची गाडी ही ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात घालवते. विजेच्या गाडीत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मोटार उलट काम करू लागते, जनित्र बनते आणि त्यातली बरीचशी वीज बॅटरीत परत जाते.

इथे रिकाम्या बॅटरीचा एक फायदा आहे. शंभर टक्के भरलेली गाडी घेऊन घाट उतरायला लागलात तर बॅटरीत जागाच नसल्याने परत येणारी वीज गाडी नाकारते, पायाला नेहमीचा अवरोध जाणवत नाही आणि साधा ब्रेक वापरावा लागतो. बॅटरी रिकामी असली की ती सगळे घेते. पुनर्निर्मितीचा, म्हणजे वीज परत घेण्याचा टप्पा सर्वांत वरचा ठेवून, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता, वळणावळणाने मी खाली येत होते आणि पडद्यावरची हिरवी पट्टी डावीकडे भरलेली होती. घाट संपला तेव्हा १७ चे १८ झाले होते. आत्याने ते पाहिले आणि विचारले, "अगं, न लावताच कशी काय भरली?" मी तिला सांगितले की आपण चढताना जे दिले होते, त्यातलेच थोडे परत मिळते आहे.

पुढे सांगवीपर्यंत सर्व हिशेबाप्रमाणे चालले होते. साधारण तीन किलोमीटरला एक टक्का या दराने आकडा उतरत होता. मी दर पाच किलोमीटरला मोठ्याने आकडा म्हणत होते आणि आत्या बोटांवर मोजत होती. १८, १६, १५, १३. टोलनाक्यावर १२. आणि मग ७.

हे का झाले, याचे उत्तर मला त्या वेळी अर्धेच ठाऊक होते. नंतर वाचून आणि एका जाणत्या मित्राशी बोलून ते पुरते समजले, आणि ते मला माझ्याच व्यवसायाच्या भाषेत चटकन कळले. बॅटरीत किती वीज आहे हे मोजणारे कोणतेही माप आत बसवलेले नसते. पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, इथे तसे काही नाही. गाडीतला संगणक दोन गोष्टींवरून अंदाज करतो. पहिली म्हणजे किती विद्युतधारा आत गेली आणि किती बाहेर आली याची सतत बेरीज-वजाबाकी. ही अगदी आमची वही आहे: आवक वजा जावक बरोबर शिल्लक. दुसरी म्हणजे सेलचा व्होल्टेज. तो म्हणजे गोदामात जाऊन सुताची पोती मोजणे.

वहीत रोज पाव किलोची चूक होत राहिली तर महिन्याभराने वहीतली शिल्लक आणि गोदामातला माल जुळत नाही. म्हणून अधूनमधून प्रत्यक्ष मोजणी करावी लागते. माझ्या गाडीतल्या सेल लोह-फॉस्फेट प्रकारच्या आहेत. हे रसायन बॅटरीसाठी प्रथम पुढे आणले ते अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने, १९९० च्या दशकात. त्यांना २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी दोन सहकारी विजेत्यांसोबत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे रसायन टिकाऊ आहे, उष्णता बऱ्यापैकी सोसते, आणि आमच्यासारख्या ४२-४३ अंशांच्या गावी ते मला योग्यच वाटते. पण त्याचा एक स्वभाव आहे. पूर्ण भरलेली सेल वरच्या टोकाचा अपवाद सोडला तर ३.३ व्होल्टच्या आसपास असते, अर्धी रिकामी झाली तरी ती जवळजवळ तिथेच असते आणि वीस टक्के उरले तरी फरक अगदी बारीक असतो. व्होल्टेजची रेषा मधल्या सगळ्या टप्प्यात सोलापूर-विजापूर रस्त्यासारखी सपाट आहे. म्हणजे गोदामात डोकावून पाहिले तरी माल नऊशे किलो आहे की तीनशे हे सांगता येत नाही. मोजणी खात्रीने होते ती फक्त दोन टोकांना: अगदी वर, जिथे सेल ३.६५ व्होल्टकडे चढते, आणि अगदी खाली, जिथे ती झपाट्याने अडीच व्होल्टच्या दिशेने घसरू लागते.

मी काय केले होते? 'बॅटरी ८० टक्क्यांवर ठेवली की ती जास्त टिकते' हे कुठेतरी वाचून दोन महिने ८० च्या वर गाडी क्वचितच जाऊ दिली होती, आणि त्या सकाळीही ९८ ला प्लग काढला होता. हा सल्ला निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीसाठी चांगला आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीसाठी मात्र ठरावीक काळाने पूर्ण शंभर टक्के भरून, आकडा १०० दिसल्यावरही काही वेळ तशीच लावून ठेवावी लागते, म्हणजे संगणकाला वरच्या टोकाची मोजणी मिळते आणि सर्व सेल एका पातळीवर आणल्या जातात. ती संधी मी दोन महिने दिलीच नाही. वहीतली छोटी छोटी चूक साठत गेली. तामलवाडीला, खालच्या टोकाचा उतार सुरू होताच संगणकाला व्होल्टेजवरून खरी स्थिती दिसली आणि त्याने शिल्लक दुरुस्त केली. पाच टक्के त्या क्षणी कुठे गेले नाहीत. ते सकाळपासूनच नव्हते.

आणखी एक बाब इथे येते. सुमारे ३२० व्होल्टच्या बॅटरीत अशा शंभरेक सेल एकापाठोपाठ जोडलेल्या असतात आणि सर्वांची सरासरी चांगली असली तरी गाडी कुठे थांबायची हे त्यांतली सर्वांत अशक्त सेल ठरवते. तिचा व्होल्टेज खाली गेला की तिला वाचवण्यासाठी संगणक मोटारीला मिळणारी शक्ती कमी करतो. सात टक्के दिसल्याबरोबर माझ्या पडद्यावरची शक्तीची पट्टी आखूड झाली होती. पाय दाबला तर गाडी पूर्वीसारखी उचलत नव्हती. अनेक गाड्यांमध्ये याच्या पुढच्या पायरीला कासवाचे चिन्ह येते. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण ते चिन्ह दिसल्यावर ओव्हरटेक करण्याचा विचारही मनात आणू नये.

सात टक्के म्हणजे दोन युनिट. दोन युनिटांत त्या वेगाने बावीस किलोमीटर होतात, घर अठ्ठावीसवर होते. आता निकराने पुढे जाण्यात अर्थ नव्हता. शून्याखाली थोडी राखीव वीज असते असे लोक सांगतात. ती असली तरी ती सेलच्या रक्षणासाठी ठेवलेली असते, आणि जिचा अंदाज पाच टक्क्यांनी चुकला त्या वहीतल्या राखीव रकमेवर मी विसंबणार नव्हते. रस्त्यात गाडी बंद पडली असती तर दोरी बांधून ओढताही आली नसती, कारण चाके फिरली की मोटार फिरते आणि वीज तयार होऊ लागते. तिला सपाट ट्रकवर चढवूनच न्यावे लागते. तोवर आत्या महामार्गाच्या कडेला उन्हात. म्हणून जी पहिली वस्ती दिसली तिथे मी डावीकडे वळले.

तिथे एक रसवंती होती. मालकांनी विचारताच सॉकेट दाखवला. प्रवासी चार्जरची पेटी मी गाडीत नेहमी ठेवते, ती काढून लावली. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि दोन सेकंदांत लाल झाला. पुन्हा लावली, पुन्हा लाल. इथे अर्थिंग नाही, असे हा लाल दिवा सांगत होता. सॉकेटला तिसरे भोक असते पण त्यामागे तार जमिनीपर्यंत गेलेलीच नसते, हे आपल्याकडे घरोघरी आहे, आणि चार्जर अशा जागी वीज घेण्यास नकार देतो तो आपल्या जिवासाठी देतो. काही जण अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून पेटीला फसवतात. हे कोणीही कधीही करू नये. न्यूट्रल मध्येच तुटला तर गाडीचा सगळा पत्रा विजेच्या दाबाखाली येतो आणि दार उघडायला हात लावणारा माणूस मरू शकतो.

रसवंतीच्या पलीकडे शेतीची अवजारे आणि लोखंडी दरवाजे बनवणारे वेल्डिंगचे दुकान होते. वेल्डिंगवाल्याकडे अर्थिंग चांगले असणार असे रसवंतीचे मालकच म्हणाले, आणि आम्हाला तिथे घेऊन गेले. तिथले मिस्त्री पन्नाशीचे होते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, हे मला फार आवडले. "थांबा वो ताई, आधी अर्थिंग बघू द्या," असे म्हणून त्यांनी कोपऱ्यातून एक होल्डर आणला. दोन उघड्या तारा आणि साठचा जुना पिवळा बल्ब. एक तार फेजच्या भोकात आणि दुसरी न्यूट्रलमध्ये घातली, बल्ब लागला. मग दुसरी तार काढून अर्थच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब तितक्याच उजेडाने लागला. अर्थिंग कच्चे असते तर तो मिणमिणला असता किंवा लागलाच नसता. "मागं कोळसा-मीठ घालून खड्डा केलाय, उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालतो," त्यांनी सांगितले. जमीन सुकली की अर्थिंगचा जोर उतरतो, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस वीज जाणतो.

माझ्या पेटीची केबल सॉकेटपासून दारापर्यंत पोहोचत नव्हती. मिस्त्रींकडे जाड तारेचे एक्स्टेन्शन होते, चाकावर गुंडाळलेले. ते त्यांनी पूर्ण उलगडून अंगणात लांब पसरले, कारण गुंडाळलेल्या तारेतून तासभर १३ अँपिअर वाहिले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचे प्लास्टिक वितळते. पहिली दहा मिनिटे त्यांनी दर थोड्या वेळाने प्लगला हाताची पाठ लावून पाहिली. कोमट होता, गरम नव्हता. हिरवा दिवा स्थिर होता.

त्यांच्या सॉकेटांवर वेगळा सब-मीटर होता, भाड्याच्या जागेचा. लावताना आम्ही दोघांनी आकडा वाचला आणि मी तो वहीत लिहिला. आत्याला रसवंतीच्या सावलीत बसवले होते. ती तिथल्या बाईंशी लातूरच्या पाण्यावर बोलत राहिली आणि दोन पेले रस प्यायली. तासाभराने मीटर ३.१ युनिटने पुढे गेला होता आणि गाडीत सातचे सोळा टक्के झाले होते. नऊ टक्के म्हणजे २.७ युनिट. उरलेले ०.४ युनिट चार्जरच्या पेटीत, केबलमध्ये आणि गाडीच्या आतल्या कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन गेले. घरच्या बिलात आणि पडद्यावरच्या आकड्यात नेहमी दिसणारा फरक हाच. मिस्त्री पैसे घ्यायला तयार नव्हते. मी मीटरचा आकडा दाखवून म्हटले, "दादा, हे सूत उधारीवर नेल्यासारखं होईल," तेव्हा त्यांनी युनिटच्या दराने हिशेब करून सुट्टे परत दिले.

सोळा टक्क्यांवरून निघालो आणि घरी पोहोचलो तेव्हा सात उरले होते. अठ्ठावीस किलोमीटरला नऊ टक्के, म्हणजे दर पुन्हा तोच, तीन किलोमीटरला एक. हिपरग्याच्या तलावाशेजारून जाताना काळोख पडू लागला होता, दिवे लावावे लागले, त्यांचा खर्च नगण्य असतो. माझा दर चुकला नव्हता, आरंभीची शिल्लक चुकली होती, हे त्या आकड्याने सिद्ध झाले आणि मला खरे समाधान त्याचे वाटले.

तुळजापुरातून निघण्याचा माझा निर्णय मात्र चूक होता असे आज मी स्पष्ट म्हणते. वहीची मोजणी दोन महिने झाली नसताना तीन टक्क्यांच्या भरवशावर वयस्कर माणसाला घेऊन निघायला नको होते. तिथे यात्रेकरूंसाठी भरपूर लॉज आहेत. एखाद्या लॉजच्या व्यवस्थापकांना विनंती करून दोन तास गाडी लावली असती तर साडेपाच-सहा युनिट मिळाले असते आणि आत्या पंख्याखाली आडवी झाली असती. हळू चालवण्याचा निर्णयही मी उशिरा घेतला. लातूरहून निघतानाच ५४ टक्के होते, आणि वीज सर्वांत स्वस्तात वाचते ती बॅटरीत भरपूर असताना वाचवली तर. औशापासूनच ६० ने आले असते तर तुळजापुरात १७ ऐवजी पंचवीसच्या आसपास टक्के हाती असते आणि सगळा प्रश्नच निघाला नसता. आपण मात्र भरलेल्या बॅटरीवर वेगात जातो आणि रिकाम्या बॅटरीवर काटकसर करतो.

त्या रात्री गाडी लावली ती सकाळी पूर्ण शंभर होईपर्यंत, आणि नंतरही दोन तास तशीच ठेवली. आता दर रविवारी हेच करते, आणि रिकामी गाडी कधी दिवसेंदिवस उभी ठेवत नाही, कारण उभ्या गाडीतही थोडी वीज खर्च होत राहते आणि शून्याच्या जवळच्या सेलला ते परवडत नाही. वहीत एक नवा रकाना आखला आहे: 'मागील पूर्ण भरणा'. त्या तारखेला दहा दिवसांहून अधिक झाले असतील तर पडद्यावरच्या आकड्यातून मी मनातल्या मनात सहा टक्के वजा करूनच निघते. जून महिन्यात तुळजापूरहून परतताना मुद्दाम लक्ष ठेवले. तामलवाडीला २३ होते, पुढे २२, २१, २० असे एकेक करून उतरले, कुठेही उडी नव्हती.

लातूरला आत्याच्या अंगणात १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, आणि अर्थिंगचा खड्डा असे काम गेल्या पंधरवड्यात करून घेतले. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालायचे काम आत्याने स्वतःकडे घेतले आहे. तुळशीला घालते तेव्हाच तिथेही घालते, असा तिचा परवा फोन आला होता.